ऑक्सफर्ड की केंब्रिज? अर्ज एकाच ठिकाणी करता येतो



दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बारावीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात मोबाईल, चेहरा पडलेला. "सर, फॉर्म पुढेच जात नाहीये." बघितलं तर तिने विद्यापीठांच्या यादीत ऑक्सफर्डही निवडलं होतं आणि केंब्रिजही. तो फॉर्म पुढे जाणारच नव्हता. तिचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी धडा समजून घ्या.

ब्रिटनमध्ये पहिल्या पदवीसाठी अर्ज करायचा तर तो 'यूकॅस' या एकाच संस्थेमार्फत जातो. एका फॉर्ममध्ये जास्तीत जास्त ५ पर्याय. पण एका वर्षात ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकच निवडता येतं, दोन्ही नाहीत. दोन्हीकडे दरवर्षी २० हजारांहून जास्त अर्ज येतात आणि जागा साधारण सव्वातीन ते साडेतीन हजार. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्हीकडे अर्ज टाकला असता तर मुलाखती घेता घेता तिथल्या प्राध्यापकांची दिवाळी-नाताळ सगळं त्यातच गेलं असतं. तिथे नुसत्या गुणांवर प्रवेश मिळत नाही. प्राध्यापक स्वतः मुलाखत घेतात.

आता मुलांचा नेहमीचा प्रश्न: "सर, मोठं कुठलं?" खरं सांगू, हा प्रश्न इथे काही कामाचा नाही. ऑक्सफर्ड जुनं. तिथे १०९६ साली शिकवणं चालू असल्याची नोंद आहे. १२०९ मध्ये गावकरी आणि विद्यापीठ यांच्यात मोठा तंटा झाला, काही विद्यार्थ्यांना फाशी दिली गेली, आणि घाबरून निघालेल्यांपैकी काही जण केंब्रिजला जाऊन स्थायिक झाले. म्हणजे केंब्रिज हे ऑक्सफर्डमधून फुटून निघालेलं घर. तेव्हापासूनची भाऊबंदकी आहे ती! जागतिक क्रमवारीत एका वर्षी हे वर, एका वर्षी ते. त्या एका-दोन क्रमांकांवरून आयुष्यातली ३-४ वर्षं ठरवू नका.

मग ठरवायचं कशावरून? विषयावरून. इथेच बहुतेक मुलं फसतात, कारण दोन्हीकडे सगळे विषय सारखेच असतील असं आपण धरून चालतो.

समजा, तुम्हाला भौतिकशास्त्र शिकायचंय. ऑक्सफर्डला 'फिजिक्स' या नावाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. पहिल्या दिवसापासून भौतिकशास्त्र आणि त्याला लागणारं गणित. केंब्रिजला मात्र पदवीच्या पहिल्या वर्षाला नुसतं फिजिक्स घेताच येत नाही. तिथे 'नॅचरल सायन्सेस' हा एकच मोठा अभ्यासक्रम आहे. पहिल्या वर्षी तीन शास्त्रं आणि जोडीला गणित, मग हळूहळू एका विषयाकडे वळायचं. ज्याला बारावीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही सारखंच आवडतं, त्याला केंब्रिज बरं. ज्याचं मन ठरलेलं आहे, आता रसायनशास्त्राचं पुस्तकही नको असं ज्याला झालंय, त्याला ऑक्सफर्ड.

अर्थशास्त्राचं उलटं. केंब्रिजला निव्वळ अर्थशास्त्राची पदवी आहे. ऑक्सफर्डला ती नाही. तिथे अर्थशास्त्र दुसऱ्या कशाच्या तरी जोडीनेच येतं: व्यवस्थापनाबरोबर, इतिहासाबरोबर, किंवा तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र यांच्या बरोबर. हा शेवटचा अभ्यासक्रम 'पीपीई' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ब्रिटनचे कितीतरी पुढारी तो शिकून बाहेर पडलेत. वास्तुकला शिकायची तर केंब्रिज. पदवीला चित्रकला-शिल्पकला शिकायची तर ऑक्सफर्डचं रस्किन स्कूल. प्राण्यांचे डॉक्टर व्हायचंय? मग या दोघांत केंब्रिजच.

गणिताचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे 'रँग्लर' हा शब्द घरोघरी माहीत आहे. केंब्रिजच्या गणिताच्या पदवी परीक्षेला 'ट्रायपॉस' म्हणतात. हा शब्द तीन पायांच्या तिवईवरून आला, असं मानतात. त्यात पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, आणि सर्वांत वर येणारा 'सीनियर रँग्लर'. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकरही केंब्रिजच्याच गणिताचे, आणि त्यांचे वडीलही तिथलेच रँग्लर. आज तिथे गणिताला जायचं असेल तर बारावीच्या गुणांशिवाय 'स्टेप' नावाची परीक्षा चांगली द्यावी लागते. ती भलतीच अवघड असते. एकेका गणितावर अर्धा तास घालवायची सवय असेल तरच त्या वाटेला जा.

आणि ऑक्सफर्ड? नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पहिल्या आल्या. इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, पण बाई म्हणून नाकारली गेली. मग काही इंग्रज हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्रियांना पदवी देण्याची पद्धतच नव्हती! ऑक्सफर्डने ती १९२० मध्ये सुरू केली आणि सोराबजींना हातात पदवी मिळाली ती १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. केंब्रिजने तर यासाठी १९४८ साल उजाडू दिलं. मोठ्या नावांचाही आंधळा आदर करू नये, म्हणून हे मुलींना मी मुद्दाम सांगतो.

शिकवण्याच्या पद्धतीत मात्र फारसा फरक नाही. दोन-तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक बसून तुमच्या लिखाणाची चिरफाड करतात. ऑक्सफर्डला त्याला ट्यूटोरियल म्हणतात, केंब्रिजला सुपरव्हिजन. आठ-आठ आठवड्यांची तीन सत्रं दोन्हीकडे. परीक्षेत फरक आहे. केंब्रिजला बहुतेक विषयांत दरवर्षी विद्यापीठाची परीक्षा. ऑक्सफर्डला पहिल्या वर्षीची परीक्षा पास व्हावी लागते, पण पदवीचा वर्ग मुख्यतः नंतरच्या परीक्षांवर ठरतो. शेवटी एकदम ताण येऊन कोलमडणारी मुलं मी पाहिली आहेत, तेव्हा स्वतःचा स्वभाव ओळखा.

पैशांचंही बघा. परदेशी विद्यार्थ्यांची फी दोन्हीकडे प्रचंड आहे. केंब्रिजला विद्यापीठाच्या फीशिवाय कॉलेजची फी वेगळी लागते. ऑक्सफर्डच्या आकड्यात ती धरलेली असते. नुसते वरचे आकडे शेजारी ठेवून तुलना केलीत तर चुकाल. पालकांना हे आधी दाखवा. ऱ्होड्स आणि गेट्स केंब्रिज या ज्या शिष्यवृत्त्या तुम्ही ऐकता, त्या पहिली पदवी झाल्यानंतरच्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहे. बारावीनंतर पैसे नाहीत म्हणून दार बंद झालं असं समजू नका. इथे पदवी घ्या आणि मग जा. त्या वेळी 'एकच निवडा' हा नियमही नसतो.

तुमचं बोर्ड तिथे चालतं का, कोणत्या विषयांत किती गुण लागतात, हे त्या-त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळ्यात आधी पाहा. दोघांच्या अटी सारख्या नसतात. राज्य मंडळाच्या मुलांनी तर यातच पहिला दिवस घालवावा. शिवाय शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, अपेक्षित गुण कळवावे लागतात. आम्हाला आदल्या दिवशी सांगू नका रे!

आता त्या मुलीचं. अर्जाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, तिथल्या संध्याकाळी ६ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. हातात चार दिवस होते. तिला निव्वळ अर्थशास्त्र हवं होतं, तेव्हा केंब्रिज हे दहा मिनिटांत ठरलं. मग कळलं की त्या विषयासाठी गणिताची एक प्रवेशपरीक्षा लागते आणि तिची नोंदणी सप्टेंबरातच बंद झालेली. ऑक्सफर्डकडे वळून पाहिलं, तिथेही तेच. चूक माझीही होती. मी वर्गात १५ ऑक्टोबर एवढंच सांगत आलो होतो. त्या मागची सप्टेंबरची तारीख मी स्वतःच कधी वाचली नव्हती. ती काही बोलली नाही. "बरं सर" म्हणून गेली. जानेवारीच्या मुदतीत तिने दुसऱ्या विद्यापीठांना अर्ज पाठवला आणि आता ब्रिटनमध्येच अर्थशास्त्र शिकते आहे.

यंदा तिचा धाकटा भाऊ बारावीत आहे. जूनच्या पहिल्याच आठवड्यात येऊन त्याने विचारलं, "सर, नोंदणी कधी सुरू होते?" भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, दोन्ही आवडतात त्याला.