नोंद कोणाच्या नावाने? : हौशी रेडिओची नोंदवही आणि तिची मांडणी

इतिहास नोंदींवर उभा राहतो आणि नोंद कोणी, केव्हा व कोणाच्या नावाने केली यावर त्याचे सत्य अवलंबून असते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख आपण वाचतो, तेव्हा वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल जसा भेटतो, तसाच वेणुवासाचा पुत्र, धेनुकाकटचा सुतार सामी हाही भेटतो. नाव, गाव, व्यवसाय आणि कार्य एवढाच तो मजकूर. पण त्यामुळेच द्वार घडविणारा हात विस्मृतीत गेला नाही. पुढे शतकानुशतके आपल्या समाजाच्या श्रमाला अशी नोंद क्वचितच लाभली. म्हणून नोंदवहीचा प्रश्न आम्हांला केवळ तांत्रिक वाटत नाही.

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, ही अशीच नोंदीवर चालणारी विद्या आहे. केंद्र शासनाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेली व्यक्ती स्वतःच्या संचावरून जगभरातील हौशी केंद्रांशी संपर्क साधू शकते. तिला स्वतंत्र संकेतनाम मिळते. २००१ मध्ये भूज येथील भूकंपात आणि २००४ मध्ये अंदमानात त्सुनामी आली तेव्हा हॅम मंडळींनी संदेशवहनाचे मोलाचे कार्य केले. पोर्ट ब्लेअर येथे त्या वेळी भारती प्रसाद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह केलेली सेवा विख्यात आहे. १९७८ च्या भारतीय नियमांत नोंदवही ठेवणे हे परवानाधारकाचे कर्तव्य मानले आहे.

आज ही वही बहुधा संगणकावर असते. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे विनामूल्य सॉफ्टवेअर आपण उदाहरणादाखल घेऊ. त्याचे मूळ निर्माते जोसेफ टेलर यांना १९९३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. २०१७ मध्ये त्यांनी स्टीव्हन फ्रँके यांच्यासह एफटी-८ ही पद्धती आणली. तीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने अतिशय क्षीण संकेतही वाचता येतात. हे सॉफ्टवेअर संगणकावर उतरविले की त्याची मांडणी दुसऱ्या कोणीतरी ठरविलेली असते. ती तशीच स्वीकारावी असे नाही. आपल्या गरजेनुसार ती कशी बदलावी, हे क्रमाने पाहू.

प्रथम ओळख. ‘सेटिंग्ज’ उघडून ‘जनरल’ या विभागात संकेतनाम व स्थाननिर्देशांक भरावा. जगाची विभागणी करणाऱ्या मेडनहेड पद्धतीत हिंजवडी एमके-६८ या चौकोनात येते. अधिक सूक्ष्म निर्देशांक एमके-६८-यूओ असा आहे.

दुसरी बाब दिसण्याची. त्याच विभागात खिडकीतील अक्षरे आणि वाचलेले संदेश यांसाठी फॉन्टची दोन वेगळी बटणे आहेत. एका संगणकाभोवती पाच-सहा मुले बसणार असतील, तर संदेशांची अक्षरे मोठी करावीत. ‘कलर्स’ विभागात सर्वांना उद्देशून आलेली हाक मुळात हिरव्या रंगात, तर आपल्याला उद्देशून आलेला संदेश लाल रंगात दिसतो. काही मुलांना लाल-हिरव्यातील भेद कळत नाही. अशा मुलांसाठी निळा व नारिंगी रंग निवडावा. एका विद्यार्थ्याला न दिसणारा पडदा हा सर्वांचा पडदा नव्हे.

तिसरी बाब काळाची. नोंद जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत होते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. किल्लारीचा भूकंप आपल्या स्मरणात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. जागतिक नोंदींत मात्र तो २९ सप्टेंबरच्या रात्री २२ वाजून २६ मिनिटांचा आहे. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. फरक न जाणणारा वाचक मात्र चुकतो. संगणकाचे घड्याळ व वेळविभाग प्रथम तपासावेत. घड्याळ दोन-तीन सेकंदांनी जरी चुकले, तरी एफटी-८ चे संदेश वाचता येत नाहीत.

चौथी बाब प्रत्यक्ष नोंदीची. ‘रिपोर्टिंग’ विभागात संपर्क संपताच नोंदीची विचारणा करणारा पर्याय निवडावा. आपोआप नोंद करणारा पर्याय स्पर्धांसाठी आहे. समोर आलेली चौकट विद्यार्थ्याने वाचावी, पडताळावी आणि मगच मान्य करावी. ऐकीव म्हणून काही स्वीकारू नये, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण येथे नित्याच्या सरावात उतरते.

याच विभागात ‘ऑप कॉल’ नावाचा एक छोटा रकाना आहे. केंद्र संस्थेचे असले, तरी प्रत्यक्ष आसनावर बसलेल्या परवानाधारकाचे संकेतनाम येथे लिहिता येते. बहुतेक जण हा रकाना रिकामा सोडतात. मग नोंद संस्थेच्या नावाने राहते आणि काम करणारा हात पुसला जातो. आम्ही या रकान्याला सर्वाधिक महत्त्व देतो. सुतार सामीचे स्थान हेच आहे. पाळी बदलली की हे नावही बदलावे.

अखेरची बाब जतनाची. ‘फाइल’ या यादीतून नोंदींचा फोल्डर उघडता येतो. त्यातील ‘एडीआय’ प्रकारची फाइल इतर नोंदवही-सॉफ्टवेअरही वाचतात. दर आठवड्याला तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, कारण त्याच यादीत ती फाइल पुसून टाकणारा पर्यायही आहे. या प्रकारात देवनागरी अक्षरांची तरतूद नाही. म्हणून संगणकाशेजारी एक बांधीव वही असावी आणि कोण बोलले, काय ऐकले, काय शिकलो हे तीत मराठीत लिहावे.

परवाना मिळेपर्यंत प्रसारण करू नये. पण सराव थांबत नाही. ‘हेल्प’मधून ध्वनिमुद्रित नमुने उतरवून संचाविनाही संदेश वाचता येतात.

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच आवाहन, की एखादा जुना लॅपटॉप आणि महिन्यातील एक रविवार वसतिगृहाला द्यावा. मुले परीक्षेची तयारी करतील, संकेतनाम मिळवतील आणि स्वतःची नोंद स्वतःच्या नावाने करतील. त्या वहीचे पहिले पान त्यांची वाट पाहत आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!