उतार आधी, चढ नंतर

सह्याद्रीतल्या किल्ल्यावर जाणारा माणूस सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि दुपारी उतरतो. आम्हा पिशोर-कन्नडकडच्या माणसांचं उलटं असतं. आम्ही पठारावर राहतो. कन्नड समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, तर डोंगराखालचं चाळीसगाव साडेतीनशेच्या आसपास. घाटवाटेने खानदेशात उतरायचं म्हटलं की सकाळ गप्पांत निघून जाते आणि दिवसाची सगळी मेहनत परतीला, उन्हात, दमलेल्या पायांवर येऊन पडते. हे लक्षात न घेता आखलेला बेत माणसाला कसा जेरीस आणतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फेब्रुवारीतली गोष्ट. पितळखोऱ्याच्या लेण्यांकडून डोंगराखालच्या पाटणादेवीच्या देवळाला उतरायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, असं ठरलं होतं. उतार सहज झाला. देवीचं दर्शन झालं, झाडाखाली भाकरी-ठेचा झाला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने इथे उभारलेला मठ, शके ११२८ चा शिलालेख, अशा गोष्टी रंगल्या आणि निघायला दोन वाजले. काळा खडक तोवर तापून गेला होता. निम्म्या चढावर पाणी संपलं. आमच्यातला सर्वांत धट्टाकट्टा, रोज शेतात राबणारा गडी आधी गप्प झाला, मग त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले, मळमळू लागलं. त्याला कपारीच्या सावलीत निजवलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, एकाच्या पिशवीत उरलेलं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तो उभा राहिला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वरच्या टप्प्यात अंधार पडला आणि जिकडेतिकडे ढोरवाटा फुटलेल्या दिसू लागल्या. सकाळी एका जाणत्या सोबत्याने प्रत्येक फाट्यावर दगडांची लहान रास रचून ठेवली होती. बॅटरीच्या उजेडात त्या राशी शोधत आम्ही सुखरूप वर आलो.

म्हणून सांगतो, वेळेचं गणित आधी मांडा, तेही परतीपासून मागे. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक आडाखा दिला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. येऊन-जाऊन बारा किलोमीटर आणि चारशे मीटर चढ असेल तर साधारण तीन तास होतात. पण हा हिशेब थंड हवेतल्या, न थांबता चालणाऱ्या सराईत माणसाचा. आपल्याकडचे सुटे दगड, घसरता मुरूम, ऊन आणि मिश्र गट धरून तो दुप्पट करा, विसावा वेगळा मोजा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं. मागे फिरण्याची वेळ घरूनच ठरवा. ती झाली की जिथे असाल तिथून वळा, देऊळ समोर दिसत असलं तरी.

पाणी माणशी किमान तीन-चार लिटर घ्या आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त चढासाठी राखून ठेवा. पाटणादेवीला बाटल्या पुन्हा भरून घ्या. वाटेतल्या नाल्यांवर भिस्त ठेवू नका, हिवाळा सरता सरता ते आटतात. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या. सोबती बरळू लागला, त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. अशा माणसाच्या तोंडात काही घालू नका. सावलीत न्या, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. दरीत रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कोणती वाट आणि किती वाजता परत, हे घरी लिहून ठेवा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात धबधब्यांचा मोह होतो, पण ऑगस्ट २०२१ च्या अखेरच्या अतिवृष्टीत कन्नड-चाळीसगावमधल्या औट्रम घाटाचा पक्का रस्तासुद्धा दरडींनी बंद पडला होता. तिथे पायवाटेचा काय पाड?

हा सगळा टापू गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा, १९८६ पासून संरक्षित. परवानगीशिवाय पाऊल टाकू नका आणि स्थानिक वाटाड्या घ्याच. बिबट्या आणि अस्वल इथे आहेतच, २०२१ मध्ये वन विभागाच्या कॅमेऱ्यात वाघही टिपला गेला. त्यांच्याहून अधिक जपायचं ते कड्यांवरच्या आग्या मोहोळांपासून. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब निघून जा, हात झाडत उभे राहू नका. साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. पाय न हलवता, त्या माणसाला न चालवता दवाखान्यात न्या.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. परतीचा चढ चढलाच पाहिजे असं बंधन नाही. पाटणादेवीहून गाडीरस्त्याने चाळीसगाव आणि तिथून कन्नडकडे जाणारी गाडी, ही दुसरी वाट बेतात पहिल्यापासून धरा. निघण्याआधी एस. टी.च्या वेळा विचारा, भाड्याचे पैसे वेगळे ठेवा. ठरलेली वेळ टळली, पाणी कमी पडलं किंवा एकाचाही पाय जड झाला, तर सगळ्यांनी मिळून ती गाडी धरा. गटातल्या सर्वांत दमलेल्या माणसाला जे झेपेल, तेवढाच त्या दिवसाचा बेत.