कूलरच्या टाकीचा पहारेकरी

मे महिन्यात आमच्या आर्वीला पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. कूलरचे काम तुम्ही पाहिलेच आहे. पंप टाकीतले पाणी ताट्यांवर सोडतो व पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. पाण्याचे बाष्प होण्यास लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी.

पण वाफ झालेले पाणी टाकीत परत येत नाही. पाणी संपले की पंप कोरडा फिरतो. त्याच्या तारेची वेटोळी भोवतीच्या पाण्यामुळे थंड राहतात. पाणी नसेल तर ती तापतात व अखेर जळतात. माझ्या घरी एका रात्री असाच पंप जळाला.

दुसरा धोका याहून मोठा आहे. पाणी किती उरले हे पाहण्यासाठी काही जण कूलर चालू असतानाच टाकीत हात घालतात. कूलरचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. तेव्हा पाणी संपत आल्याचे आपल्याला आवाज देऊन सांगणारा एक पहारेकरी तयार करू या.

साहित्य : बीसी 547 ट्रांझिस्टर, 100 किलोओहमचा रोध (पट्टे : तपकिरी, काळा, पिवळा), 3 ते 24 व्होल्टवर चालणारा लहान बझर, चार पेन्सिल सेल व त्यांची पेटी, स्टीलचे दोन जुने चमचे, प्लॅस्टिकची पट्टी, वायर आणि प्लॅस्टिकची डबी.

जोडणी : ट्रांझिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरा. डावीकडून पहिला पाय कलेक्टर, मधला बेस व उजवा एमिटर. बझरची लाल वायर सेलच्या धन टोकाला व काळी वायर कलेक्टरला जोडा. एमिटर ऋण टोकाला जोडा. धन टोक व बेस यांच्यामध्ये रोध बसवा. आता बेसपासून एक वायर पहिल्या चमच्याला आणि एमिटरपासून दुसरी वायर दुसऱ्या चमच्याला न्या.

चमचे पट्टीवर उभे, एकमेकांपासून 2 सेंटिमीटर अंतरावर घट्ट बसवा. दांड्यांशी केलेले वायरचे जोड एम-सीलने बंद करा. पंपाच्या तोंडापेक्षा चमच्यांची खालची टोके 3-4 सेंटिमीटर वर राहतील अशी पट्टी टाकीत लावा. ताट्यांचे पाणी तिच्यावर ठिबकता कामा नये.

हे चालते कसे? शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक आहे, पण विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. चमच्यांमधील पाण्याचा रोध 5 किलोओहम आहे असे समजा. मग 6 व्होल्टपैकी बेसच्या वाट्याला फक्त 0.3 व्होल्ट येतात. ट्रांझिस्टर सुरू होण्यास सुमारे 0.6 व्होल्ट लागतात, म्हणून बझर गप्प राहतो. पाणी चमच्यांच्या खाली गेले की ही वाट तुटते. 100 किलोओहममधून सुमारे 54 मायक्रोॲम्पिअर प्रवाह बेसमध्ये शिरतो. ट्रांझिस्टर त्याला 200 पट करतो असे धरले, तर बझरला जवळजवळ 11 मिलिॲम्पिअर प्रवाह मिळू शकतो आणि तो वाजू लागतो.

पाणी असताना सेलमधून फक्त 60 मायक्रोॲम्पिअर खर्च होतात. मार्च ते जून या चार महिन्यांत हा खर्च सुमारे 176 मिलिॲम्पिअर-तास होतो. चांगले सेल तेवढे सहज देतात.

पहारेकरी झोपला तर? पाणी असताना दिवा लावणारे मंडल याहूनही सोपे आहे. मग आपण उलटी रचना का केली? दिवा विझला तर झोपलेल्या माणसाला ते कळत नाही. आपल्या रचनेत चमच्याची वायर तुटली तरी बझर वाजतो, म्हणजे बिघाड स्वतःच ओरडून सांगतो. परंतु दोन बिघाड मुकेच राहतात. एक म्हणजे सेल संपणे. दुसरा म्हणजे चमचे एकमेकांना, अथवा दोन्ही पत्र्याला, टेकणे. पट्टीवर ओला क्षार साचला तरी असेच होते. म्हणून आठवड्यातून एकदा प्लग काढून पट्टी बाहेर घ्या, चमचे पुसा आणि बझर वाजतो की नाही ते पाहा.

सावधान : हे मंडल सेलवरच चालवा, घरातील 230 व्होल्टच्या विजेशी त्याचा कोठेही संबंध आणू नका. पंपाचे वेष्टन खराब झाले तर टाकीतल्या पाण्यात वीज उतरते व आपल्या वायरींतून ती खोलीपर्यंत येऊ शकते. म्हणून सर्व जोड प्लॅस्टिकच्या डबीत बंद ठेवा व कोठेही उघडा धातू ठेवू नका. टाकीत काही करायचे असेल तर आधी प्लग काढा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बझर पाणी संपल्याचे सांगतो, धक्क्यापासून वाचवत नाही. ते काम चांगले अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे स्विच यांचे आहे. ती व्यवस्था घरी आहे का, हे वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा.

करून पाहा : चमचे कूलरमध्ये लावण्याआधी तीन पेल्यांत बुडवून पाहा : एकात आर.ओ.चे पाणी, दुसऱ्यात विहिरीचे, तिसऱ्यात चिमूटभर मीठ घातलेले. कोणत्या पाण्यात बझर गप्प बसतो? आर.ओ.च्या पाण्यातही वाजत राहिला, तर दोष ट्रांझिस्टरचा की पाण्याचा? आणि दिवसभर चाललेल्या कूलरच्या टाकीत वाफ होऊन पाणी गेले, क्षार मात्र मागे राहिले. मग संध्याकाळी त्या पाण्याचा रोध सकाळपेक्षा वाढलेला असेल की घटलेला? उत्तर आधी वहीत लिहा, मग मल्टिमीटरने पडताळून पाहा.