एकदा धरलं की सोडवत नाही!

प्रश्न : कॉलेजात असताना भरपूर वाचायचे. आता पाच-दहा पानांतच मन उडतं. खिळवून ठेवतील अशी मराठी पुस्तकं सुचवाल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सवय मोडलेली असताना थेट ‘मृत्युंजय’सारख्या जाडजूड कादंबरीला हात घालू नका. सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (१९५५) करा. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर रुजू होतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे! छोटी वाक्यं, आटोपशीर आकार. दोन बैठकींत संपते.

मग प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंगढांग’ घ्या. हिमालयातला कडा फोडून रस्ता काढायचा, वर लष्करी खाक्या. त्यात तरुण इंजिनिअर विश्वनाथचं वरिष्ठांशी वाजतं. पुढे काय होणार, या ओढीनं जागरण नक्की.

रहस्य हवं तर सुहास शिरवळकर, भय हवं तर नारायण धारप. पण धारप शक्यतो दिवसाउजेडी! खळखळून हसायचं असेल तर पुलंची ‘बटाट्याची चाळ’ कुठूनही उघडा.

आणि तीस-चाळीस पानांत पुस्तक रंगलं नाही, तर बिनदिक्कत बदलून आणा. वाचनालयाची वर्गणी त्यासाठीच तर भरायची असते.