आधी मेंटेनन्स भर

देवगाव रंगारी, ता. कन्नड
राखी पौर्णिमा

चि. बापूस,


राखीसाठी खालच्या गल्लीतला पोरगा पुण्याहून आला होता. चहा पिता पिता म्हणाला, ‘बापूदादाचं सोसायटीत लई वाजलंय.’ खोदून विचारलं तेव्हा कळलं. तू पार्किंगमध्ये चार माणसांसमोर चेअरमनच्या अंगावर गेलास, ग्रुपवर त्याला चोर म्हणालास आणि वर मेंटेनन्स भरायचं बंद केलंस. पहिल्या दोन गोष्टी मी गिळल्या, आपल्या घराण्याचं तोंड मला माहीत आहे. तिसरी मात्र गिळवेना.

बापू, मेंटेनन्स का थांबवलास?

तुला वाटत असेल, तात्या खेड्यातला, त्याला फ्लॅटचं काय कळतं. अरे, तुझी गृहनिर्माण सोसायटी आणि आपल्या गावची विकास सोसायटी एकाच कायद्याखाली येतात, १९६० च्या सहकार कायद्याखाली. गटसचिव म्हणून माझी उमर त्यातच गेली. तुमच्यासाठी २०१९ साली त्यात वेगळं प्रकरण घातलं, एवढंच. गावात लहान पोरालाही ‘एकशे एकची नोटीस’ म्हणजे काय ते कळतं. वसुलीचा दाखला निघाला की थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते. तुमच्याकडंही तो दाखला उपनिबंधकाकडूनच निघतो. आणि थकबाकीदाराला समितीवर बसता येत नाही. म्हणजे ज्याला खुर्चीवरून उठवायचं म्हणतोस, त्याची खुर्ची तूच पक्की केलीस की!

टँकरच्या बिलात गडबड आहे म्हणतोस. असेलही, मी कुणाची वकिली करत नाही. पण टँकरचं मला शिकवू नकोस, मराठवाड्यातल्या माणसाला खेपा मोजता येतात. दुष्काळात आम्ही दुसरं केलं काय? टँकरचं भांडण पैशाचं दिसतं, पण असतं ते खेपांचं. गेटवर वॉचमनच्या रजिस्टरात गाडीचा नंबर, आत आल्याची वेळ आणि टाकी किती लिटरची, एवढं लिहिलं जातं का ते बघ. नसेल तर पहिला अर्ज तेवढ्याचसाठी कर. मग तुम्ही दोघं-तिघं मिळून महिनाभर खेपा मोजा आणि बिलाशेजारी ठेवा. आकडे जुळले तर चेअरमनच्या घरी जाऊन माफी माग. नाही जुळले तर तुझ्या हातात कागद आला, आणि कागद आल्यावर ओरडावं लागत नाही.

लिफ्टचंही तसंच. दुरुस्तीला पैसा नाही म्हणतात ना? आदर्श उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड प्रत्येक फ्लॅटमागे जमा व्हायला हवा. तो जमतो का, कुठल्या बँकेत आहे, कधी मोडला, हे विचार. ताळेबंद आणि सभांची इतिवृत्तं बघायचा हक्क सभासदाला कायद्यानंच दिला आहे, नकला शुल्क भरून मिळतात. अर्ज सेक्रेटरीच्या नावानं कर, एका अर्जात एकच विषय, दुसऱ्या प्रतीवर पोच घे. घेईनात तर स्पीड पोस्टानं पाठव. ‘चोर’ हा शब्द कुठंच नको. समितीनं दाद दिली नाही तर उपनिबंधक आहे. एक पंचमांश सभासदांच्या सह्या जमवल्या तर विशेष सभाही मागता येते. त्यासाठी शेजाऱ्यांची दारं वाजवावी लागतील, ग्रुपवर अंगठे मोजून भागणार नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा फार दिवस उरले नाहीत.

आणि हेही ऐक. ती समितीतली माणसं दिवसभर नोकरी करून रात्री पंप बघतात. सगळीच खाणारी नसतात. हिशेब लिहायचा आळस आणि हिशेब खाणं बाहेरून सारखंच दिसतं. मी दोन्ही बघितलंय.

पण हे सगळं विचारणाराची स्वतःची पावती पाहिजे. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. तुझ्या वयाचा होतो तेव्हा एका संस्थेच्या वार्षिक सभेत मी खताच्या गोण्यांचा हिशेब मागायला उभा राहिलो. रागाच्या भरात अहवाल टराटरा फाडला, टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरी शांतपणे उठला आणि त्यानं माझं थकलेलं पीककर्ज व्याजासकट वाचून दाखवलं. सभा हसली. गोण्यांचं कुणी पुन्हा नाव काढलं नाही, आणि प्रश्न खरा होता रे! दुसऱ्या दिवशी तुझ्या बापानं गोऱ्हा विकून माझा हप्ता भरला. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढं मी त्याच टेबलाच्या पलीकडं बसलो, पण त्या सभेतलं हसू आजही कधी कधी कानात येतं.

म्हणून पुन्हा सांगतो, मेंटेनन्स भर. हरकत नोंदवून भर, पावतीवर सही घे, पण भर.

फार बोललो का? माई म्हणते, पत्रात तरी पोराला मोकळं सोडा. तिनंच मला एक विचारायला लावलं, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. पैसे थांबवलेस ते रागानं, की हात आखडला म्हणून? नोकरीचं नीट आहे ना? त्या पोरानं तसं काही सांगितलं नाही, पण तू दोन महिन्यांत फोनवर हसला नाहीस हे माईच्या ध्यानात आहे. तसं असेल तर लाजू नकोस. गेल्या हंगामातल्या अद्रकीचे पैसे बँकेत पडून आहेत. थकलं असेल ते किती, तेवढा आकडा फक्त कळव. सूनबाईला सांगू नको म्हणालास तर नाही सांगणार. उसने समजू नकोस, तुझ्या बापाच्या गोऱ्ह्याचे मी अजून दिलेले नाहीत.

पोळ्याला सगळे या. बैलांच्या शिंगांना रंग द्यायचाय असं पोरं गेल्या वर्षीच म्हणाली होती. सोसायटीची फाईल बरोबर आण. ओट्यावर बसून अर्ज दोघं मिळून लिहू, माझं अक्षर अजून चांगलं आहे.

तुझा,
तात्या