वादविवादाची तयारी करणाऱ्या भाच्यास

धुळे

चि. नीरज,

समलिंगी विवाह आणि पालकत्वाची अनुकूल बाजू जळगावच्या स्पर्धेत तुझ्या वाट्याला आली, हे ताईकडून कळले. ‘प्रेम ते प्रेमच’ म्हणून टाळ्या मिळतील, पण पहिल्याच उलटप्रश्नाला तू अडकशील.

समलिंगी विवाह ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे, असे केंद्र सरकारने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात म्हटले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी निकालपत्रात तत्त्वज्ञान न सांगता एक माणूस उभा केला: महानगरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदाराप्रमाणेच शेतात राबणारी बाईही समलिंगी असू शकते. कपाशीच्या मुलखातल्या श्रोत्यांना हे लगेच भिडेल.

पुढे भादली बुद्रुकचे नाव घ्यावेसे वाटेल. जळगाव तालुक्यातल्या या गावात तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा महिला म्हणून भरलेला अर्ज बाद झाला होता. औरंगाबाद खंडपीठाने त्यांना निवडणूक लढवू दिली आणि जानेवारी 2021 मध्ये त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. गाव वेगळेपण स्वीकारत नाही, या दाव्याला छेद द्यायला हे पुरेसे आहे. पण ते लिंगओळखीचे उदाहरण आहे. विवाहाच्या मुद्द्यावर ताणू नकोस. सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक पाळला. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात स्त्री-पुरुष नात्यातल्या तृतीयपंथीयांना लग्न करता येते हे पाचही न्यायमूर्तींनी मान्य केले, विवाह हा मूलभूत हक्क मात्र मानला नाही.

तुझी खरी ताकद पालकत्वात आहे. बाल न्याय कायद्याने अविवाहित व्यक्तीला दत्तक घेता येते. जोडप्याला मात्र 2022 च्या नियमावलीनुसार किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन दाखवावे लागते. म्हणजे समलिंगी जोडप्यातल्या दोघींनी मिळून वाढवलेले मूल कागदोपत्री एकीचेच. ती गेली, तर दुसरी त्या मुलाची कोण? इथे थांब, उत्तर श्रोत्यांना शोधू दे.

समोरचा न्या. रवींद्र भट यांचा आधार घेईल. दत्तकाच्या प्रश्नावर 3 विरुद्ध 2 असा निकाल लागला, त्यातल्या बहुमताची मांडणी त्यांची. संसार मोडला तरी विवाहाचे कायदे मुलाच्या पोटगीचे, ताब्याचे संरक्षण करतात, म्हणून ही अट मुलाच्याच हिताची, असा त्यांचा रोख होता. हसण्यावारी नेऊ नकोस. हीच चिंता असेल, तर ते संरक्षण या मुलांपर्यंत का नेऊ नये, असे विचार.

रविवारी फोनवर प्रतिकूल बाजू मांडतो. तोवर बहुमताची पाने वाचून ठेव.

तुझा मामा