पळून गेलेला कुणबी

युरोपच्या इतिहासाचा तास चालू होता. १३८१ साली इंग्लंडमधील शेतकरी वॅट टायलरच्या नेतृत्वाखाली लंडनवर चालून गेले, हे सर सांगत होते. मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणाले, "आपला कुणबी मात्र सोशिक. त्याने कधी मान वर केली नाही." वर्ग हसला. मला हसू आले नाही, पण उत्तरही देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न.

दख्खनमधील रयतेच्या डोक्यावर दोन प्रकारचे सत्ताधारी होते. जहागीरदार हा सुलतानाने वा बादशहाने नेमलेला. आज येथे, तर उद्या अन्यत्र. देशमुख-देशपांडे हे वतनदार मात्र पिढीजात. देशमुख कोट बांधून व पदरी प्यादे बाळगून बळावले होते आणि अंमलदारांशी भांडण्यास उभे राहत, असे सभासदाने १६९७ च्या सुमारास आपल्या बखरीत लिहिले आहे. अंमलदारालाही जे जुमानीत नसत, त्यांच्यापुढे साध्या नांगरधाऱ्याने उभे कसे राहावे?

याचे उत्तर त्या काळच्या शेतीतच सापडते. जमीन मुबलक होती, कसणारे हात थोडे होते. जुलूम असह्य झाला की कुणबी बैल व बिऱ्हाड घेऊन दुसऱ्याच्या मुलखात परागंदा होई. गाव ओस पडले की सरकारचा सारा बुडे आणि वतनदाराचा हक्कही बुडे. म्हणून रयतेला परत आणण्यासाठी कौल दिला जाई. पडीक जमिनीवर प्रथम थोडा व पुढे वर्षागणिक वाढत जाणारा सारा, म्हणजे इस्तावा, ठरवून दिला जाई. उपऱ्याला जमिनीचे बंधन नव्हते. मिरासदार काही वर्षांनी परतला तरी त्याचा हक्क मानला जाई.

आपल्या शहराचा इतिहासही याला साक्ष आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. प्रत्यक्ष पीक पाहून ठरविलेल्या त्याच्या धाऱ्याची कीर्ती पुढे दीर्घकाळ टिकली. १६३०-३२ च्या दुष्काळाने मुलूख उजाड झाला. १६५२ मध्ये औरंगजेबाकडे दख्खनची सुभेदारी पुन्हा आली, तेव्हा मुर्शिद कुली खान या दिवाणाने बैल-बियाण्यासाठी तगाई दिली. त्याच्या बटाईत पावसावरच्या पिकाचा निम्मा, तर विहिरीवरच्या पिकाचा तिसरा हिस्सा सरकारचा होता. शिवाजी महाराजांनी देशमुखांचे कोट पाडले आणि १६७६ मध्ये सुभेदार रामाजी अनंत यांना रयतेस बैल, दाणे व बिनव्याजी पैसे देण्याची आज्ञा केली. त्यामागे रयतेविषयी कळवळा होताच; कसणारा टिकला तरच राज्य टिकते, ही जाणही होती. परंतु पुढे राजाराम महाराजांच्या काळात, सरदारांना राखण्यासाठी वतने व जहागिरी पुन्हा द्याव्या लागल्या. वतनदाराचे पारडे जड झाले.

इंग्लंडमध्येही १३४८ च्या महामारीनंतर माणसे कमी झाली. तेथे १३५१ च्या कायद्याने मजुरीचे दर गोठविले आणि कामकऱ्याच्या जाण्यायेण्यावर बंधने आली. रोष साचला आणि बंड उसळले. दख्खनमध्ये शेजारी शेजारी अनेक सत्ता होत्या. कुणब्याची वाट कायमची अडविणे कोणा एकाला साधले नाही. म्हणून येथील संघर्ष बहुधा रणांगणावर दिसत नाही. तो कौलनाम्यांत आणि ओस गावांच्या नोंदींत दिसतो. अर्थात हे हत्यार महाग होते. घर, देव, पूर्वजांची जमीन मागे टाकावी लागे. दुष्काळात तर जायला ठिकाणही उरत नसे.

माझे पणजोबा निजामाच्या काळात एका जहागिरीच्या गावातून रात्री निघाले आणि गुलमंडीवर येऊन हमाली करू लागले. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या, १९५० साली कुळकायदा आला. तोवर त्यांची जमीन दुसऱ्याच्या नांगराखाली गेली होती. आमच्या घरी ही हकीकत हलक्या आवाजात सांगतात, "ते पळून आले." हा अभ्यास केल्यावर मी घरी एवढेच म्हणालो, की यापुढे ती मोठ्याने सांगत जा.